मशीनरूममधला पांढरा नॅपकिन

आधी माफी मागतो. मराठीत काही लिहावं इतकं मराठी मी वाचलेलं नाही. शाळा तेलुगूत झाली, कॉलेज इंग्रजीत, गल्लीतलं बोलणं उर्दूत, आणि मराठी फक्त घरात, जेवताना आणि बोलणी खाताना. वाचायला शिकलो तो मामामुळे. मामा नांदेडहून यायचा तेव्हा शेंगदाण्याची चटणी मराठी वर्तमानपत्रात बांधून आणायचा. तेलाचे डाग पडलेले ते कागद मी जमिनीवर ताणून सरळ करायचो आणि बोट ठेवून वाचायचो. बातमी बहुतेक अर्धीच असायची. त्यामुळे माझं लिहिणंही कुठे अर्धवट वाटलं तर समजून घ्यावं.

दुसरी माफी विषयाची. कंपनीतली माहिती साठवायची यंत्रं तपासून बघणं, हे काही आठवणी लिहिण्याजोगं काम नाही. पण ते काम करताना एका चांगल्या माणसाचं नाव गेलं, आणि त्यात माझा वाटा होता. हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही.

आम्ही मलकपेठला राहायचो, रेसकोर्सच्या मागच्या अंगाला. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते धान्याच्या बाजारात एका आडत्याकडे नमुना काढायच्या कामावर होते. टोकदार, पोकळ लोखंडी नळी असते, तिला परखी म्हणतात. ती पोत्यात खुपसली की खाचेतून मूठभर धान्य बाहेर येतं, आणि त्यावरून सगळ्या पोत्याची पारख होते. दादा परखी कधी पोत्याच्या तोंडाशी लावायचे नाहीत. खाली वाकून कोपऱ्यात लावायचे, पोतं जमिनीला टेकतं तिथं. ओली ज्वारी, खडे, किडकी तूर, जे काय लपवलेलं असेल ते तिथं सापडायचं. विकणारे हसायचे, "काय दादा, आमच्यावर भरवसा नाही?" दादा म्हणायचे, "तुमच्यावर हाय की. पोत्यावर नाही."

त्या बाजारात भाव तोंडानं ठरत नसे. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसायचे, दोघांच्या हातांवर रुमाल टाकलेला असायचा, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून बोलणी चालायची. कोणतं बोट धरलं, किती धरली, किती वेळा दाबली, त्यावरून आकडा. वर तोंडानं गप्पा चालायच्या, अमक्याच्या लग्नाच्या, तमक्याच्या दम्याच्या. भोवती माणसं उभी असली तरी कोणाला काही कळायचं नाही. सुट्टीच्या दिवशी दादा घरी टॉवेल टाकून माझी बोटं धरायचे आणि विचारायचे, "सांग, किती?" चुकलो की चिमटा. शाळेतल्या पाढ्यांपेक्षा मला ते आधी आलं.

घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. विद्यानगरजवळच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि प्रोजेक्टसाठी मला एका कंपनीत जागा मिळाली. बाहेरच्या कंपन्यांना दारं उघडून दहाएक वर्षं झाली होती. हैदराबादेत जिकडे तिकडे काचेच्या इमारती उठत होत्या, आणि त्यांच्यात नेमकं काय चालतं ते आम्हा मलकपेठकरांना माहीत नव्हतं. आमच्या कंपनीत विमानातून काढलेले फोटो यायचे, परदेशातल्या शहरांचे, रस्त्यांचे, शेतांचे. पोरंपोरी दिवसभर पडद्यासमोर बसून त्या फोटोंवरून नकाशे काढायची. एकेक फोटो इतका मोठा की उघडेपर्यंत हात धुऊन यावं. फोटो ठेवायचं जे मोठं कपाटाएवढं यंत्र होतं ते भरत आलं होतं. भरलं की जुने फोटो टेपवर टाकायचे आणि परत लागले की अर्धा दिवस टेप शोधायची, असं चाललं होतं.

नवीन यंत्र घ्यायचं होतं आणि त्याची तपासणी ज्यांच्याकडे होती त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. पन्नाशीचे, मूळ पुण्याचे, चिक्कडपल्लीत भाड्यानं राहायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला मराठीत विचारलं, "प्रोजेक्टला आलास ना?"

मी म्हणालो, "हौ सर."

"हौ?" ते हसले. "अरे, तुझ्या मराठीला चारमिनारची हवा लागली आहे. चालेल. पण रिपोर्टमध्ये हौ नको लिहूस, डायरेक्टरना ते गाढवाचं ओरडणं वाटेल."

मी घाबरून म्हणालो, "नक्को... नाही लिहिणार." तेव्हा ते इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

प्रश्न असा होता. एक कंपनी जुन्याच पद्धतीचं, आणखी मोठं कपाट द्यायला तयार होती. दुसरी कंपनी छोटे छोटे डबे द्यायची. चार डबे तारांनी जोडायचे, आणि कामाला बसणाऱ्याला ते एकच यंत्र वाटायचं. जागा कमी पडली की पाचवा जोडायचा. प्रत्येक फोटोचे तुकडे दोन-दोन ठिकाणी ठेवलेले असायचे, म्हणून एक डबा बंद पडला तरी बाकीचे काम पुढे चालवायचे. सरांचा कल या डब्यांकडे होता. डायरेक्टरांचा नव्हता. ते बैठकीत म्हणाले, "एक आजारी पडला तर दुसरे त्याचं काम करतील? माझ्या ऑफिसातली माणसंसुद्धा असं करत नाहीत." सगळे हसले. सर शांतपणे म्हणाले, "तपासून दाखवतो. चुकलो तर खुर्ची सोडतो." डायरेक्टर म्हणाले, "मी ते लक्षात ठेवीन." तेव्हा कोणी हसलं नाही.

त्या दिवसापासून तपासणी यंत्राची होती आणि खुर्ची सरांची. मला ते कळत होतं. पण मला हेही कळत होतं की इतक्या ठामपणे माणूस कशामुळे बोलतो याची चौकशी करायला हवी.

डबेवाल्या कंपनीचा इंजिनिअर माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, घरचा तेलुगू, पण बोलायचा अस्सल हैदराबादी. त्यानं पहिल्याच दुपारी आम्हां तिघांसाठी बिर्याणी मागवली. मी माझा भाकरीचा डबा उघडून बाजूला बसलो.

"क्या भाई, खाते नहीं?"

"नाही. मी आणलंय."

"अरे, रिश्वत नहीं है, बिर्यानी है!"

सर हसले. त्यांनी बिर्याणी घेतली, डाव्या हातानं, चमच्यानं. मी ते मनात नोंदवून ठेवलं. चमचा नाही, बिर्याणी घेतली ते.

दुसऱ्या दिवशी त्यानं डबे चालू करून दाखवले. फोटो असे उघडत होते की आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. तो पुन्हा पुन्हा तेच फोटो मागत होता. एकदा वाचलेला फोटो यंत्राच्या मेमरीत राहतो आणि तिथून लगेच मिळतो, एवढं मला कॉलेजात शिकवलं होतं. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला कॉलेज आठवलं नाही. पोत्याचं तोंड आठवलं.

मी सरांना घाबरत घाबरत म्हणालो, "सर, हे वरवरचं आहे. डबे आपल्या खऱ्या फोटोंनी गळ्यापर्यंत भरू या. मग सगळ्या पोरांना एकदम बसवू या, आणि प्रत्येकानं वेगळा, जुना, कोणी न मागितलेला फोटो मागायचा."

"हे तुला कोणी शिकवलं?"

मी परखीचं सांगितलं. सर इंजिनिअरला म्हणाले, "ऐकलंत? आता यांच्या वडिलांच्या पद्धतीनं."

भरायला तीन दिवस लागले. पोरं बसली, वेग घसरला. चांगलाच घसरला. इंजिनिअरनं कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "पकड़ लिए मियाँ!" पण तीच परीक्षा त्या पहिल्या कंपनीच्या मोठ्या कपाटाची घेतली तेव्हा ते पोरांच्या गर्दीत पार गुदमरलं. डब्यांचं तसं झालं नाही. घसरूनही ते पुढेच होते. सरांनी मला एक लांब वही दिली आणि म्हणाले, "रोजचं यात लिहायचं. जे दिसलं ते. आपल्याला काय दिसावंसं वाटतं ते नाही."

ते स्वतः मात्र काही लिहायचे नाहीत. "माझं अक्षर घाण आहे, तू लिही." कागदावर सही करायची असली की घरी घेऊन जायचे. चहा अर्धा कपच मागायचे. मशीनरूममध्ये जाताना एक मोठा पांढरा नॅपकिन न्यायचे आणि उजव्या हाताला गुंडाळायचे. "गारठ्यानं बोटं आखडतात," म्हणायचे. तिथं गारठा होताच, त्यामुळे मी कधी विचारलं नाही. याच सुमारास त्यांनी स्कूटर विकली आणि ऑटोनं येऊ लागले. ऑफिसात कोणीतरी म्हणालं, सर आता गाडी घेणार वाटतं. तेही मी मनात नोंदवलं.

मग डबा उपटायचा दिवस आला. चालू कामात एका डब्याची तार ओढायची आणि बाकीचे काम पुढे नेतात का बघायचं, हीच खरी परीक्षा. सकाळी सरांनी आणि इंजिनिअरनं डब्यांत फोटो साठवायच्या डिस्का बसवल्या. दुपारी मी तार ओढली. काही फोटो उघडले, काही उघडले नाहीत. पोरं खुर्चीतून उठून बघायला लागली. इंजिनिअर धावत मागच्या बाजूला गेला, सर त्याच्यामागे गेले, आणि दोघं तिथं हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिले. मी गेलो तसे गप्प झाले.

बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "आजचं रिपोर्टमध्ये घालू नकोस. परत करू या."

"पण सर, दिसलं ते लिहायचं..."

"वहीत लिही. रिपोर्टमध्ये नको. आज यंत्राची चूक नव्हती."

"मग कोणाची होती?"

ते नॅपकिन नीट करत निघून गेले.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मी वही आणायला मशीनरूमकडे गेलो. दाराला काच होती. आत खोक्यांवर सर आणि इंजिनिअर गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. दोघांचे उजवे हात एकत्र होते आणि वर तो पांढरा नॅपकिन टाकलेला होता. नॅपकिनखाली बोटं हलत होती. इंजिनिअर तोंडानं काहीतरी दुसरंच बोलत होता, क्रिकेटचं असावं, कारण डाव्या हातानं त्यानं बॅट फिरवल्यासारखं केलं. सर मान हलवत होते. मग बोटं थांबली, आणि इंजिनिअर म्हणाला, "बस? हो गया?" सर म्हणाले, "झालं."

मी वही न घेता परत आलो. त्या इमारतीत शंभर माणसं असतील. पण काचेतून दिसलेल्या त्या गोष्टीचा अर्थ लावू शकणारा मी एकटाच होतो असं मला वाटलं. लहानपणापासून बघत आलो होतो ते. माझी बोटं त्यात चिमटे खाऊन शिकली होती.

घरी दादांना सांगितलं. दादा भिंतीला टेकून पाय चोळत बसले होते.

"रुमालाखाली? नोकरदार माणसं?"

"हौ दादा. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"भाव किती ठरला?"

"ते कसं कळणार? नॅपकिन होता वर."

"मग तू रुमाल बघितला." दादा पाय चोळत राहिले. "तू त्या माणसाला इचारलं का?"

"असं कोणी विचारतं का?"

"मी पोत्याला इचारतो की," ते म्हणाले, आणि आईला पाणी मागितलं.

मला त्यांचा राग आला. वाटलं, यांना बाजारापलीकडचं काय कळतंय. ज्यांच्या परखीवर मी ऑफिसात शाबासकी घेतली होती त्यांच्याबद्दल मला असं वाटलं, हेही इथं लिहून ठेवतो.

पुढच्या दिवशी माझी कॉलेजात तोंडी परीक्षा होती, म्हणून गेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढतो न चढतो तोच डायरेक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. केबिनमध्ये मी पहिल्यांदाच जात होतो. त्यांच्यासमोर माझा रिपोर्ट होता. ते हिंदीत बोलत होते. मी इथं मराठीत देतो.

"हा सरांनी लिहिला की तू?"

"मी लिहिला, सरांनी तपासला."

"सगळं आलंय यात?"

त्यांनी रिपोर्ट बंद केला. "हे बघ, तुझं प्रोजेक्ट संपतंय. पुढे कोणाला ठेवायचं ते मी ठरवणार आहे. मला फक्त एवढं सांग, यात काही राहिलंय का?"

नोकरीच्या लालचीनं बोललो असं मी स्वतःला बराच काळ सांगत आलो. ते सोपं होतं. पण खरं म्हणजे मला सांगायचंच होतं. माझ्याजवळ अशी एक गोष्ट होती जी इंग्रजी बोलणाऱ्या त्या सगळ्या माणसांना दिसली नव्हती.

"एका दिवसाचं राहिलंय सर. डबा उपटला तेव्हा फोटो उघडले नाहीत. सरांनी घालू नको म्हणून सांगितलं."

"आणखी?"

त्यांच्या टेबलावर हात पुसायचा टॉवेल होता. मी तो उचलला, त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची दोन बोटं धरली. बाजारात भाव कसा ठरतो ते सांगितलं. आधी ते हसले. मग मी काचेतून काय दिसलं ते सांगितलं, आणि त्यांनी टॉवेलाखालून हात काढून घेतला.

त्याच आठवड्यात कागद निघाला, यंत्राची खरेदी यापुढे डायरेक्टर स्वतः बघतील. कारण लिहिलेलं नव्हतं. सरांना कोणी काही विचारल्याचं मी ऐकलं नाही. पण ते कँटीनमध्ये आले की बोलणी थांबायची, आणि गेले की कोणीतरी म्हणायचं, "बिर्यानी भारी पडली." मोठं कपाट घ्यायचं ठरलं. इंजिनिअर आपले चार डबे टेम्पोत घालून घेऊन गेला. जाताना त्यानं मला हात केला, मी दुसरीकडे बघितलं.

महिनाभरात सरांनी राजीनामा दिला. चुकलो तर खुर्ची सोडतो म्हणाले होते, तशी सोडली. शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. डाव्या हातात ती लांब वही होती.

"ही तुझ्याकडे ठेव. रिपोर्ट चांगला लिहिलास. हौ कुठे आलं नाही."

मी उठून उभा राहिलो. सगळे हात मिळवून निरोप घेत होते म्हणून मीही हात पुढे केला. त्यांनी उजवा हात खिशातून काढला नाही. डाव्या हातानं माझा खांदा थोपटला आणि म्हणाले, "तळातून काढायची ती पद्धत सोडू नकोस." मी मनात म्हणालो, बघ, हात मिळवायची हिंमत नाही.

मला नोकरी मिळाली. आईनं गल्लीत पेढे वाटले. आणि माझा संशय संपायच्या ऐवजी आणखी वाढला, कारण मला आता पुरावा हवा होता. दोनदा मी चिक्कडपल्लीला भाजीच्या बाजाराच्या निमित्तानं सरांच्या गल्लीत गेलो. नवी गाडी दिसेल, घराला रंग दिसेल, काहीतरी दिसेल. पहिल्यांदा सरांच्या घरच्या बाई दारात कपडे वाळत घालत होत्या. दुसऱ्यांदा दाराला कुलूप होतं. शेजारच्यानं सांगितलं, पुण्याला गेले. मी मनाशी म्हणालो, तिकडे घर घेतलं असणार.

त्यानंतर वही मी एकदाच उघडली. माझ्या शेवटच्या नोंदीखाली अर्धं पान भरून पेनाच्या वेड्यावाकड्या रेघा होत्या, अंगावर काटा आल्यासारख्या. सरांनी पेन चालतं का ते बघितलं असेल असं समजून मी ती ऑफिसातल्या कागदांच्या कपाटात टाकली.

मोठं कपाट ठरल्यापेक्षा लवकर भरलं. पुन्हा टेपा आल्या. काही वर्षांनी कंपनीनं दुसऱ्या कोणाकडून जोडायचे डबेच घेतले, आणि तोवर सगळं जगच तसं करू लागलं होतं, त्यामुळे ते आधी कोणी सुचवलं होतं याची आठवण कोणी काढली नाही. मीही काढली नाही. यंत्र योग्य होतं म्हणून माणूस स्वच्छ ठरत नाही, असं मी स्वतःला समजावलं. दादा गेले. मशीनरूम नव्या इमारतीत गेली. यंत्रं तपासायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी प्रत्येक यंत्र तळापर्यंत भरून, तारा उपटून तपासायचो. विकायला येणारे मला कुजबुजत 'पोतेवाला' म्हणतात हे मला माहीत होतं.

मागच्या हिवाळ्यात तो इंजिनिअर आला. केस पांढरे, पोट सुटलेलं, आता तो दुसऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. त्यानं मला लगेच ओळखलं.

"क्या भाई, अब तो बिर्यानी खाते?"

मी हसलो. आम्ही मशीनरूममध्ये बसलो. त्यानं त्याची यंत्रं सांगितली, मी माझ्या अटी सांगितल्या. चहा आला. मग माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांनी आता काय बिघडणार होतं? मी म्हणालो, "एक विचारू? तेव्हा तुमचं आणि सरांचं किती ठरलं होतं?"

"क्या किती?"

"भाव. नॅपकिनखाली. मी बघितलं होतं."

त्याला खरोखरच काही कळलं नव्हतं. मग कळलं. त्यानं कप खाली ठेवला.

"अरे भाई... उनका हाथ काँपता था. तुमकू मालूम नहीं? तुम तो रोज़ साथ में बैठते थे."

मी माझा कप बाजूला सारला.

"मेरे नाना का वैसाच था. ज़ोर से पकड़ के बैठे तो थोड़ी देर रुकता. तो मैं पकड़ता था. रूमाल डाल के, कोई देखे नक्को बोलके. उनो डरते थे, मशीन के काम से हटा देंगे करके."

"आणि डबा उपटला त्या दिवशी?"

"डिस्क उनोंच लगाए थे, हाथ हिल गया, पूरी बैठी नहीं. मैं बोला, सर, मेरी ग़लती लिख देता मैं. नहीं माने. फिर दुबारा किए ना हम, वो दिन तुम्हारा इम्तिहान था. मैं लगाया डिस्क, उनो तार खींचे. एक फोटो नहीं रुका! इत्ते ख़ुश हुए, बोले लड़के की वही लाओ, ये मैं ख़ुद लिखता. आधा घंटा लगा लिखने कू."

ती वही जुन्या कागदांबरोबर इथवर आली होती, माझ्या मागच्या कपाटातच होती.

"त्यांनी हे डायरेक्टरांना का नाही सांगितलं?"

"मैं भी पूछा. बोले, पूछते तो बताता. कोई पूछाच नहीं." त्यानं थंड झालेला चहा उचलला आणि परत ठेवला. "तुम नहीं गए मिलने? पुणे में थे. बाद में तो चम्मच भी नहीं पकड़ते थे."

मी म्हणालो, आता जाईन. पत्ता द्या, पुढच्या रविवारीच जाईन.

त्यानं नजर खाली घेतली.

"दिवाली के पहले गुज़र गए, भाई. तुमकू किसी ने बताया नहीं?"